भाषेची चार सत्रं वाचवायची आहेत, मुद्दे सुचवा

निशिगंध

आमच्या विद्यापीठात पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला, शाखा कुठलीही असो, चार सत्रं एक भाषा शिकावी लागते. कोणती शिकायची ते ज्याचं त्यानं ठरवायचं. विद्या परिषदेच्या येत्या बैठकीत ही अट सैल करायचा प्रस्ताव आहे. चाराऐवजी दोन सत्रं, आणि तीसुद्धा 'संवादकौशल्य' किंवा प्रोग्रॅमिंगचा एखादा अभ्यासक्रम घेऊन भागवता येतील. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, कारण मला चर्चा मुद्द्यावर हवी आहे. मी तिथे जर्मन शिकवते. म्हणजे माझी नोकरी यात गुंतलेली आहे, हे आधीच सांगून ठेवते.

विरोधाचं टिपण लिहायची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. भाषेने मन विशाल होतं, जग जवळ येतं, ही वाक्यं परिषदेतल्या लोकांनी इतक्यांदा ऐकली आहेत की आता कुणी मान वर करत नाही. म्हणून तासांच्या हिशेबापासून सुरुवात करते.

आठवड्याला ४ तासिका, १५ आठवडे. एका सत्राचे ६० तास, चार सत्रांचे २४०. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची स्वतःची प्रशिक्षण संस्था आहे, ती आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवते. इंग्रजी येणाऱ्या माणसाला स्पॅनिश किंवा फ्रेंचमध्ये नोकरीचं काम करता येण्यासाठी वर्गात ६०० ते ७५० तास लागतात, हिंदी-रशियनसाठी ११००च्या आसपास, आणि जपानी, चिनी, अरबीसाठी २२००, हा त्या संस्थेचा अनुभव आहे. तेही मोठी माणसं पूर्ण वेळ दुसरं काही न करता शिकतात तेव्हा. त्यापुढे आमचे २४० तास आधीच तोकडे आहेत. ते १२०वर आणायचे म्हणजे काय होतं ते वर्गात दिसतं.

पहिल्या सत्रात नाव, गाव, घड्याळ, बाजार. सगळे खूश असतात. दुसऱ्या सत्रात विभक्ती आणि भूतकाळ येतो, वाक्यातलं क्रियापद पार शेवटी जाऊन बसतं, आणि मुलं गप्प व्हायला लागतात. सगळ्यात कठीण काळ तो. प्रस्तावाप्रमाणे बरोबर तिथेच त्यांना सोडून द्यायचं आहे. तिसऱ्या सत्राच्या मध्यावर काहीतरी जुळून येतं. गेल्या वर्षी संख्याशास्त्राची एक मुलगी तासानंतर एक कागद घेऊन आली. तिला जर्मनीत पुढच्या शिक्षणाची संधी मिळाली होती आणि खोलीच्या भाडेकराराचा मसुदा आला होता. मी वाचून देईन अशी तिची अपेक्षा असेल म्हणून मी चष्मा शोधायला लागले. तर म्हणाली, "मॅडम, मी वाचलाय. खोली सोडायची तर तीन महिने आधी लेखी कळवायचं, हे समजलं. पण भिंती रंगवून द्यायच्या आहेत की नाही, या वाक्याचे दोन अर्थ होताहेत." आणि खरंच ते वाक्य संदिग्ध होतं. कायद्याच्या भाषेतली पळवाट तिने तिसऱ्या सत्रात पकडली. दोन सत्रांवर थांबली असती तर तिला मसुद्यावरची तारीख आणि स्वतःचं नाव एवढंच वाचता आलं असतं.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे: अट ठेवायची तर चार सत्रांची, सलग, आणि एकाच भाषेची ठेवा. माझ्या म्हणण्याच्या विरोधातले मुद्देसुद्धा लिहा. परिषदेत ते येणारच आहेत, ते आधी इथे ऐकलेले बरे.

गणिती

विरोधातले मुद्दे मागितलेत म्हणून मनापासून लिहितो. मी विज्ञान शाखेत शिकवतो.

एक. सक्ती जाण्याने विद्यापीठं बुडाली असं इतिहास सांगत नाही. केंब्रिजने प्रवेशासाठीची ग्रीकची सक्ती १९१९मध्ये काढली, ऑक्सफर्डने १९२०मध्ये. दोघांनी लॅटिनचीही सक्ती १९६०च्या सुमारास काढली. प्रत्येक वेळी आता विद्या संपली असं म्हणणारे लोक होते.

दोन. काही अटी एका विशिष्ट गरजेतून आल्या आणि गरज संपल्यावरही राहिल्या. रसायनशास्त्राच्या संशोधकांना जर्मन शिकायला लावायचे, कारण सेंद्रिय संयुगांची सगळी माहिती ज्या 'बाइलश्टाइन' कोशात होती तो जर्मनमध्ये होता. त्याची पाचवी पुरवणी १९८४पासून इंग्रजीत निघू लागली, आणि आता तर तो सगळा विदागारात आहे. तरी अट बऱ्याच ठिकाणी पुढे कित्येक वर्षं चालली. परीक्षा म्हणजे शब्दकोश घेऊन एक पान भाषांतरित करायचं. त्यातून कुणाला जर्मन आलं नाही.

तीन, आणि हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आमची बरीच मुलं दिवसा कॉलेज आणि संध्याकाळी काम करतात. श्रेयांक मोजकेच असतात. भाषेचे १६ श्रेयांक घातले तर ते कुठून तरी काढावे लागतात, आणि प्रयोगशाळेच्या तासांवर येतं. मूळ विषयात कच्चं राहून आठवड्याला चार तास क्रियापदं घोकावीत, हे मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगू?

तळटीप

@गणिती, बाइलश्टाइनचा मुद्दा अगदी मान्य. पण प्रत्येक विषयाचा बाइलश्टाइन इंग्रजीत आलेला नाही. संस्कृतचा सगळ्यात मोठा शब्दकोश अजून ब्यॉटलिंक आणि रोट यांचाच धरला जातो. सेंट पीटर्सबर्गला १८५५ ते १८७५ या वीस वर्षांत सात खंडांत निघाला, आणि अर्थ सगळे जर्मनमध्ये. वेदावर काम करणाऱ्याला एका शब्दाच्या छटा बघायच्या तर आजही तो उघडावा लागतो. मी उघडतो. आज तो इंटरनेटवर फुकट आहे, शोधता येतो, सगळं आहे, पण वाचायला जर्मनच लागतं.

ग्रीकचं उदाहरण तुम्ही दिलंत, त्याचा पुढचा भाग जास्त कामाचा आहे. प्रवेशाची अट गेली तरी ग्रीक टिकलं, कारण शाळेत न शिकलेल्यांसाठी विद्यापीठांनी आत घेतल्यावर पहिल्या धड्यापासून शिकवायची सोय उभी केली. प्रौढ नवशिक्यांसाठी वेगळी पाठ्यपुस्तकं झाली. म्हणजे एक दार बंद करताना दुसरं उघडलं. @निशिगंध, तुमच्या प्रस्तावात दुसरं दार कुठे आहे? नसेल तर टिपणात हाच प्रश्न विचारा.

आणि अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाने २०२१मध्ये अभिजात (म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन) विभागाच्या विद्यार्थ्यांसाठी ग्रीक-लॅटिनची अट काढली, त्यावर एवढा गदारोळ झाला, तोसुद्धा याच कारणाने. विभागाचं म्हणणं होतं की ज्यांना शाळेत या भाषा मिळाल्या नाहीत त्यांनाही हा विषय घेता यावा. हेतूबद्दल मला शंका नाही. पण ज्याला शाळेत मिळालं नाही त्याला विद्यापीठाने द्यायचं, की त्याच्यासाठी विषयच हलका करायचा, यातलं पहिलं मला न्याय्य वाटतं.

शारदा७

मी एका विद्यापीठाच्या शैक्षणिक विभागात बरीच वर्षं होते, आता निवृत्त आहे. असे प्रस्ताव टाईप होताना पाहिले आहेत, म्हणून एक सांगते. 'दोन सत्रं' या शब्दांकडे सगळे बघतात. खरा घाव दुसरीकडे असतो. मसुद्यात "पुरेशी नोंदणी झाल्यास वर्ग चालवला जाईल" असं एखादं वाक्य आहे का ते बघा. बहुतेक शेवटच्या पानावर, 'अंमलबजावणी' या मथळ्याखाली असेल.

त्या वाक्यापुढे काय होतं ते क्रमाने सांगते. सक्ती असते तेव्हा पहिल्या सत्राला चाळीस-पन्नास मुलं असतात, चौथ्याला गळून गळून पंधरा. त्या चाळीसांच्या जोरावर विभागाचा कार्यभार, म्हणजे शिकवायचे ठरलेले तास, भरतो, आणि कार्यभारावर पद मंजूर होतं. सक्ती गेली की पहिल्या सत्राला पंधरा उरतात, तिसऱ्याला पाच. तिसरं सत्र "पुरेशी नोंदणी नाही" म्हणून बंद. पुढच्या वर्षी येणाऱ्या मुलाला कळतं की इथे दुसऱ्या सत्रापुढे काही नाही, मग तो पहिल्यालाच कशाला येईल? कार्यभार कोसळतो. शिक्षक निवृत्त झाला की ती जागा भरली जात नाही, तासिका तत्त्वावर कुणीतरी येतं, पुढच्या वर्षी तेही नाही. दोन-तीन वर्षांत विभाग कागदावर उरतो. भाषा बंद करायचा ठराव कुणीच केलेला नसतो, त्यामुळे त्याला विरोध करायची संधीही कुणाला मिळत नाही.

याचा पहिला फटका लहान भाषांना बसतो. स्पॅनिश, फ्रेंच तग धरतील. पाली, फारसी, रशियन, कोरियन यांचं कठीण.

निशिगंध

शारदाताई, वाक्य सापडलं. शेवटच्या पानावरच आहे. "किमान २५ विद्यार्थ्यांची नोंदणी झाल्यास." आमच्या तिसऱ्या सत्राच्या एकाही भाषेच्या वर्गात आज पंचवीस मुलं नाहीत. भाषेच्या वर्गात ती असूही नयेत, बोलायला पाळीच येत नाही. अमेरिकेतली भाषाशिक्षकांची मुख्य संघटना वर्गात १५पेक्षा जास्त विद्यार्थी नकोत म्हणते. म्हणजे जी संख्या शिकवण्यासाठी योग्य, तीच बंद करायला पुरेशी ठरणार.

@तळटीप, दुसरं दार नाही. प्रस्तावात 'इच्छुकांनी बाहेरील संस्थांमधून शिकावे' एवढं एक वाक्य आहे. बाहेरचे वर्ग ज्याला परवडतात तो आजही शिकतोच. विद्यापीठाच्या शुल्कात भाषा मिळते म्हणून जी मुलं शिकतात, त्यांचा त्या वाक्यात विचार नाही.

पश्चिमवारा

शारदा७ यांनी सांगितलेला क्रम देशाच्या पातळीवर घडलेला बघायचा तर इंग्लंड बघा. तिथे २००४पासून वयाच्या चौदाव्या वर्षानंतर शाळेत परकीय भाषा सक्तीची राहिली नाही. फ्रेंच आणि जर्मनच्या परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या झपाट्याने घसरली. शाळेतून मुलं येईनाशी झाल्यावर विद्यापीठांतले भाषा विभाग एकेक करून आटले. मग शिक्षक मिळेनासे झाले, कारण भाषेचे पदवीधरच कमी. शेवटी २०१०मध्ये सरकारला शाळांची कामगिरी मोजताना भाषाही धरणारी मोजपट्टी आणावी लागली, तरी गेलेलं फारसं परत आलं नाही.

मी अमेरिकेत असतो. इथे चार वर्षांची पदवी देणाऱ्या संस्थांपैकी भाषेची अट असणाऱ्या १९९५च्या सुमारास ६७ टक्के होत्या, २०१०पर्यंत त्या साधारण निम्म्यावर आल्या. हे आकडे इथल्या आधुनिक भाषा संघटनेचे. तिच्याच पाहणीत २०१६ ते २०२१ या काळात इंग्रजीखेरीज इतर भाषांच्या वर्गांतली नोंदणी १६.६ टक्क्यांनी घटलेली दिसते, आणि २०१३ ते २०१६मध्ये ६५१ भाषा-कार्यक्रम बंद झाले. पुढचं टोक म्हणजे वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठ. तिथे २०२३मध्ये परकीय भाषांचा सगळा विभागच बंद करायचा प्रस्ताव आला. मुलं रस्त्यावर उतरली, अध्यापकांनी प्रशासनाविरुद्ध ठराव केला. सप्टेंबरमध्ये २८ मुख्य विषय आणि १४३ अध्यापकपदं रद्द झाली, भाषांपैकी स्पॅनिश आणि चिनी शिकवण्यापुरते मोजके शिक्षक राहिले.

दुसरी गोष्ट, गरज लागेल तेव्हा शिकवू असं म्हणणाऱ्यांसाठी. १९५७मध्ये सोव्हिएत रशियाचा स्पुटनिक उपग्रह उडाला आणि रशियन येणारी माणसं किती कमी आहेत हे इथल्या सरकारच्या लक्षात आलं. १९५८मध्ये कायदा करून भाषाशिक्षणात पैसा ओतला. २००१च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर तीच धावपळ अरबीसाठी झाली. पैसा एका ठरावात मंजूर होतो, पण अरबी शिकवू शकणारा माणूस घडायला दहा वर्षं लागतात.

प्रोग्रॅमिंगच्या पर्यायाबद्दल: फ्लोरिडाच्या सिनेटने २०१६मध्ये शाळांसाठी असं विधेयक मंजूर केलं होतं, ते पुढे कायदा झालं नाही. त्या वेळी संगणक शिकवणारे लोकसुद्धा विरोधात बोलले होते. प्रोग्रॅमिंगला स्वतःची जागा असावी, भाषेची जागा देऊन दोघांचंही नुकसान होतं, असं त्यांचं म्हणणं. टिपणात संगणक विभागाच्या एखाद्या प्राध्यापकाची सही मिळवता आली तर फार उपयोग होईल.

सायली_म

मी अजून शिकते आहे, तिसऱ्या वर्षाला. धागा वाचून लिहावंसं वाटलं.

मला वाचन-अक्षमता आहे. शाळेत निदान झालं. भाषेची सक्ती हा माझ्यासाठी चार सत्रांचा छळ होऊ शकला असता. आमच्याकडे अर्ज केल्यावर मला लेखी परीक्षेऐवजी तोंडी परीक्षा मिळाली आणि अभ्यासक्रमाचे ध्वनिमुद्रित धडे मिळाले. त्यामुळे मी जपानी शिकले आणि मला ते आवडलं. पण हे मला एका शिक्षिकेने वैयक्तिक ओळखीतून सांगितलं. माझ्याबरोबरच्या एका मुलाला माहीतच नव्हतं. तो दोनदा नापास झाला आणि त्याचं पदवीचं वर्ष अडकलं. सक्ती ठेवा म्हणताना अशा मुलांसाठी काय सोय आहे हे नियमात लिहिलेलं असलं पाहिजे, शिक्षकाच्या मर्जीवर नको. नाहीतर परिषदेत माझ्यासारख्यांचंच उदाहरण देऊन अट काढतील, आणि मला ते आवडणार नाही.

दुसरं, आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. पर्याय दिला असता तर मी जपानी घेतलंच नसतं. घेता येतं हेच माहीत नव्हतं. घरी कुणी सांगणारं नव्हतं. ज्यांच्या घरी माहिती असते ते ऐच्छिक असलं तरी घेतात.

दुभाषी

अजून कुणी भाषांतराच्या यंत्रांचं नाव काढलेलं नाही, पण बैठकीत हमखास निघेल. मी रुग्णालयांत दुभाषाचं काम करते आणि ही यंत्रं रोज वापरते. ती चांगली आहेत. 'यंत्राला काही येत नाही' असं टिपणात लिहू नका, समोरचा माणूस खिशातून फोन काढून तुम्हाला खोटं पाडेल.

अडचण दुसरी आहे. पूर्वीची यंत्रं चुकायची तेव्हा वाक्य मोडकंतोडकं यायचं, चूक दिसायची. आताची चुकतात तेव्हाही वाक्य स्वच्छ आणि वाहतं येतं. मागच्या आठवड्यात एका रुग्णाची जुनी कागदपत्रं दुसऱ्या भाषेतून यंत्राने करून आली होती. एका ओळीत नकार गळाला होता. मूळ कागदावर अमुक औषध देऊ नये असं होतं, भाषांतरात द्यावं. पान इतकं सुंदर वाचलं जात होतं की डॉक्टरांना शंका यायचं काही कारणच नव्हतं. मूळ कागद माझ्या हातात होता म्हणून सापडलं. हे पकडायला माझ्याएवढी भाषा यावी लागत नाही. चार सत्रं नीट शिकलेल्या माणसाला नकार ओळखता येतो. दोन सत्रंवाल्याची मला खात्री नाही. सगळ्यांनी दुभाषे व्हावं असं माझं म्हणणं नाही, पण मूळ आणि भाषांतर शेजारी ठेवून 'इथे काहीतरी चुकतंय' असं म्हणू शकणारी माणसं प्रत्येक व्यवसायात लागणार आहेत, आणि यंत्रं जितकी वापरली जातील तितकी जास्त लागणार आहेत.

गणिती

सगळं वाचलं. शारदा७ यांचा कार्यभाराचा मुद्दा आणि दुभाषींचं उदाहरण, या दोन गोष्टींनी माझं मत हललं. सायली यांचा दुसरा मुद्दा तर मी माझ्या विभागात वाचून दाखवणार आहे.

श्रेयांकांची अडचण मात्र तशीच आहे, तिला उत्तर द्या. माझा प्रस्ताव असा: अट सत्रांत न लिहिता पातळीत लिहा. चौथ्या सत्राच्या शेवटी विद्यार्थ्याला काय वाचता, ऐकता, बोलता यायला हवं ते ठरवा. ज्याला ते आधीच येतं, घरची भाषा म्हणून असो की शाळेत शिकून, त्याने प्रवेशाच्या वेळी चाचणी द्यावी आणि मोकळं व्हावं. किंवा थेट तिसऱ्या सत्रात बसावं. आमच्या वर्गांत तीन-तीन भाषा सहज बोलणारी मुलं असतात, त्यांना पुन्हा पहिल्या धड्यावर बसवणं हा त्यांच्या भाषेचा अपमान आहे. यातून बऱ्याच जणांचे श्रेयांक सुटतील आणि माझ्या शाखेचा विरोध निम्मा कमी होईल.

निशिगंध

@गणिती, हे मला पूर्ण मान्य आहे, आणि विज्ञान शाखेकडून सूचना म्हणून आलं तर जास्तच चांगलं. सूचक म्हणून तुमच्यासारख्या कुणाला गाठते. फक्त एक भीती आहे: चाचणी देऊन बरीच मुलं सुटली तर पहिल्या सत्राची संख्या घटेल आणि शारदाताईंनी सांगितलेलं चक्र सुरू होईल. म्हणून २५ची अट काढणं आणि चाचणी आणणं या दोन गोष्टी एकाच ठरावात हव्यात. एक मंजूर होऊन दुसरी राहिली तर आपलंच नुकसान.

लहान भाषांसाठी एक पर्याय लिहीन म्हणते. कोलंबिया, कॉर्नेल आणि येल ही विद्यापीठं कमी शिकवल्या जाणाऱ्या भाषांचे वर्ग व्हिडिओवरून आपसांत वाटून घेतात. शिक्षक एका ठिकाणी, मुलं तिन्हीकडे. तीन विद्यापीठांची मिळून बारा मुलं झाली तर वर्ग उभा राहतो, कार्यभारही मोजता येतो.

आत्तापर्यंतचा आराखडा असा झाला आहे: आधी तासांचा हिशेब, मग भाडेकराराचं उदाहरण, इंग्लंडचा अनुभव, नोंदणीचं वाक्य वगळण्याची मागणी, पातळीची चाचणी, अक्षमता असणाऱ्यांसाठी लेखी नियम, आणि सामायिक वर्ग. काही राहिलं का?

शारदा७

क्रम बदला. नोंदणीचं वाक्य वगळण्याची मागणी सगळ्यात वर घ्या, आणि मसुद्यातलं ते वाक्य पान क्रमांकासह जसंच्या तसं उतरवा. सदस्यांना कागद आदल्या रात्री मिळतात, पहिलं पान वाचलं जातं. इंग्लंड दुसऱ्या पानावर गेलं तरी चालेल.

मागणी दोन पायऱ्यांत लिहा. पहिली, प्रस्ताव फेटाळावा. दुसरी, फेटाळणार नसाल तर तो भाषेच्या अभ्यास मंडळांकडे अभिप्रायासाठी परत पाठवावा. दुसरी बहुधा मंजूर होते, कारण तिला नाही म्हणायला सदस्यांना अवघड जातं. आणि कोणताही निर्णय झाला तरी सध्या शिकत असलेल्या मुलांची चारही सत्रं पूर्ण होतील, हे इतिवृत्तात नोंदवून घ्या. बैठकीत तोंडी आश्वासन मिळेल, त्यावर थांबू नका. इतिवृत्त कायम व्हायच्या आधी एकदा वाचायला मागा.

सायली, तुझ्याबरोबरच्या त्या मुलाला सांग, अर्ज अजूनही करता येईल. परीक्षा विभागाकडे निदानाच्या प्रमाणपत्राची प्रत जोडून द्यायची आणि पोच घ्यायची. मसुदा लागला तर मला व्यक्तिगत निरोप कर, लिहून देते.

सायली_म

धन्यवाद शारदाताई, आज संध्याकाळीच निरोप करते. निशिगंध मॅडम, विद्यार्थ्यांच्या सह्या हव्या असतील तर सांगा. जपानीच्या चौथ्या सत्रात आम्ही अकरा जण आहोत, सगळे देतील.

निशिगंध

हव्या आहेत. सहीबरोबर प्रत्येकाने दोन ओळी लिहा: कोणत्या शाखेत आहात, आणि भाषा न घेण्याचा पर्याय असता तर ही भाषा घेतली असतीत का. खरं असेल तेच लिहा, 'नसती घेतली' असं असेल तर तेही. सुधारलेला मसुदा रविवारी इथेच टाकते.